तेलावर शुल्क वाढलं, मग सोयाबीनचा भाव कुठे अडला?

या वेळी सोयाबीनची पत्रं सगळ्यात जास्त आली. त्यातलं एक सविस्तर घेते, कारण बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तर त्यात येतं. शेवटी कापसाचं एक पत्र आहे, तेही वेळेचं आहे म्हणून मागे ठेवलं नाही.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. औसा तालुक्यात आमची नऊ एकर जमीन, त्यात सहा एकर सोयाबीन असतं. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं तेव्हा गावात सगळे म्हणाले, यंदा सहा हजार पक्के. मी दिवाळीला माल काढला नाही, थांबलो. जानेवारीत विकला तर भाव दिवाळीपेक्षाही उतरलेला. शुल्क वाढलं, तेलाचा डबा महाग झाला, हे डोळ्यांनी पाहिलं. सोयाबीनचंच काय झालं? मुलगा पुण्यात अर्थशास्त्र शिकतो. तो म्हणतो, पुस्तकातल्या मॉडेलमध्ये शुल्क वाढलं की उत्पादकाचा भाव वाढतोच. मग चूक कुणाची, पुस्तकाची की मोंढ्याची?
— एक शेतकरी वाचक, ता. औसा

उत्तर : दादा, मुलगा सांगतो ते बरोबर आहे, फक्त त्याचं वाक्य अर्ध्यावर थांबलंय. ज्या मालावर शुल्क बसतं त्या मालाचा देशातला भाव वाढतो. शुल्क बसलं तेलावर. तुम्ही विकता सोयाबीन. मधे प्लांट आहे, आणि सगळा हिशोब त्या प्लांटच्या दारात फिरतो.

एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गेलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड, म्हणजे डीओसी. बाकी घट. मोहरीत तेल 40 टक्क्यांच्या आसपास असतं, शेंगदाण्यात त्याहून थोडं जास्तच. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो खरं, पण ते मुळात पेंडीचं पीक आहे. म्हणून दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तेल किलोला एक रुपयाने वाढलं की क्विंटलमागे 18 रुपये येतात. पेंड किलोला एक रुपयाने उतरली की क्विंटलमागे 80 रुपये जातात.

आता तुमच्या सालाचा हिशोब मांडू. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेलं, म्हणजे 22 टक्क्यांची वाढ. बंदरात उतरलेलं कच्चं सोयातेल किलोला 95 रुपये धरा. (हा आकडा मी हिशोबासाठी घेतलाय, तुम्ही त्या दिवसाचा भाव घालून बघा.) 95 वर 22 टक्के म्हणजे जवळपास 21 रुपये. 21 गुणिले 18, क्विंटलला 376 ते 378 रुपये. हे सगळेच्या सगळे तुमच्यापर्यंत आले तर. गावात सहा हजारांची भाषा चालू होती तेव्हा तेलातून येऊ शकणारी जास्तीत जास्त वाढ एवढीच होती. हा गुणाकार कुणी चावडीवर करून दाखवला असता तर तुम्ही कदाचित थांबला नसता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि तेवढेही पूर्ण येत नाहीत. भारत जगातला सगळ्यात मोठा खाद्यतेल आयातदार. एवढं मोठं गिऱ्हाईक शुल्क वाढवतं तेव्हा परदेशातल्या विकणाऱ्यालाही आपला भाव थोडा खाली घ्यावा लागतो, म्हणजे शुल्काचा काही भाग तो सोसतो. शिवाय शेजारच्या देशांशी असलेल्या साफ्टा करारामुळे नेपाळमधून शुद्ध केलेलं तेल शुल्काशिवाय येतं, ती वाट शुल्क वाढल्यावर आणखी वाहती झाली. 376 मधले अडीचशे, पावणेतीनशे पोचले तरी पुष्कळ.

तिकडे पेंडीचं उलटं चालू होतं. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले आणि त्यांचा उरलेला चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला. तो स्वस्त पडतो. बाहेर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड मुबलक, त्यामुळे आपल्या पेंडीला निर्यातीतही जोर नाही. पेंड किलोला फक्त चार रुपयांनी उतरली असं धरा. 4 गुणिले 80, 320 रुपये गेले. तेलाने दिलेलं पेंडीने घेतलं, वर काही स्वतःचंही काढून नेलं. जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीची 12 लाख टन आयात ऑगस्ट 2021 मध्ये खुली केली तेव्हा आपल्याकडे एवढा संताप का झाला, ते या 80 च्या आकड्यात आहे. तेलाच्या आयातीपेक्षा पेंडीची आयात आपल्या जिव्हारी जास्त लागते.

आता डब्याचं बघा. किलोला 21 रुपये म्हणजे 15 किलोच्या डब्यामागे 315 रुपये. तुमच्याही घरात डबा येतोच, आणि ऊस तोडायला जाणाऱ्या बिनजमिनीच्या घरातही येतो. देशात लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे गिऱ्हाईकाने मोजलेल्या जादा पैशातला मोठा हिस्सा सरकारच्या तिजोरीत जातो, शेतकऱ्याच्या घरात नाही. मॉडेल करणारे लोक हेच तीन गल्ल्यांत मांडतात: गिऱ्हाईकाचं किती गेलं, उत्पादकाला किती मिळालं, सरकारला किती मिळालं. तीन गल्ल्यांची बेरीज केल्यावर जे गहाळ होतं तो निव्वळ तोटा. सोयाबीनच्या बाबतीत उत्पादकाचा गल्ला या तिघांत सगळ्यात हलका आहे, हे माझं ठाम मत आहे. म्हणून शुल्क नको असं मी म्हणत नाही. शुल्क नसतं तर ते 250 रुपयेही गेले असते आणि भाव आणखी खाली बसला असता. पण शुल्क वाढवलं म्हणजे सोयाबीन उत्पादकाचं काम झालं, असं जे समाधान दाखवलं जातं, त्याला गणितात आधार नाही.

31 मे 2025 पासून कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क पुन्हा खाली, 16.5 टक्क्यांवर आणलं. त्याच 95 रुपयांवर 11 टक्के म्हणजे साडेदहा रुपये, क्विंटलला 188. मृग तोंडावर, बियाणं घरात आणलेलं, आणि पुढच्या हंगामाच्या भावातून 188 रुपये आधीच वजा. शुल्क किती असावं यावर वाद होऊ शकतो. पण पेरणीच्या आठवड्यात ते हलवू नये, एवढं तरी मागायला हवं.

आता तुमच्या मुलाला एक घरचा कागद दाखवते. माझा भाऊ कळंबजवळ शेती करतो. त्याच्या काटापट्ट्या मी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते, परभणीला कृषी अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा वर्गात त्याच काढायचे. नोव्हेंबर 2024 ची पट्टी अशी आहे: कट्टे 11, वजन 6 क्विंटल 60 किलो, भाव 4,150. रक्कम 27,390. हमाली-तोलाई 132. टेम्पोचं भाडं पट्टीवर नाही, पण मागच्या बाजूला भावाने पेनाने लिहिलंय, 440. हातात राहिले 26,818. क्विंटलला 4,063. पोटलीत, म्हणजे नमुना पाहून भाव काढतात त्यात, त्या दिवशी भाव निघाला होता याहून चांगला, सौद्यात मातेरं दाखवून खाली आला. त्या वर्षीचा हमीभाव 4,892. म्हणजे हमीभाव आणि हातात आलेला पैसा यांत 829 रुपयांचं अंतर.

खरेदी केंद्रावर तो गेला नव्हता असं नाही. गेला होता. पहिल्यांदा ओलावा 14 दाखवला, मर्यादा तेव्हा 12 ची, माल परत. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर त्याचा माल गेला होता, कारण हरभऱ्याचं बी आणि मजुरी थांबत नाही. शेजाऱ्याचा ओलावा बसला तर बारदाना नव्हता. मॉडेलमध्ये हमीभाव ही एक आडवी रेघ असते, तिच्याखाली भाव जातच नाही. आपल्याकडे त्या रेघेत ओलाव्याच्या यंत्राएवढं आणि बारदान्याएवढं भोक आहे. तुमचा मुलगा पुढे या विषयात काम करणार असेल तर त्याने त्या भोकाची मापं घ्यावीत, ते काम अजून कुणी नीट केलेलं नाही असं मला वाटतं.

मग काय करायला हवं, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. राज्याने 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000 रुपये दिले, दोन हेक्टरांपर्यंत. एकरी आठ क्विंटल उतारा असेल तर हेक्टरी वीस, म्हणजे क्विंटलला 250 रुपये. पूर्ण पोचलेल्या शुल्काच्या दोन तृतीयांश, आणि डबा एक पैशानेही महाग न होता. उतारा चारवर आला तर तेच क्विंटलला 500 पडतात, म्हणजे ज्या साली पाऊस घात करतो त्या साली मदत जास्त. हे मला पटतं. भावांतरही आहे, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारने भरायचा. मध्य प्रदेशाने 2017 मध्ये केलं आणि सोयाबीनसाठी 2025 मध्ये पुन्हा आणलं. त्यात धोका हा की योजनेची मुदत चालू असते तेवढेच दिवस सगळे माल आणतात आणि खरेदीदार भाव पाडून बसतो. फरक सरकार भरणारच, हे त्यालाही माहीत असतं. मुदत लांब ठेवली तर हा धोका कमी होतो.

प्रश्न : मी अंबाजोगाईला एम.ए. अर्थशास्त्राला आहे. एका ठिकाणी वाचलं की ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या मोजमापाने भारतातल्या शेतकऱ्याला मिळणारा आधार उणे आहे. दुसरीकडे अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत सांगितलं की भारत गहू-तांदळाला मर्यादेबाहेर आधार देतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि जीटॅपसारख्या जगाच्या व्यापाराच्या मोठ्या मॉडेलवर किती भिस्त ठेवावी?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : तू प्रश्न नेमका विचारलास. दोघांची वजाबाकी एकच आहे, देशातला भाव वजा बाहेरचा भाव. फरक आहे तो कोणत्या सालचा बाहेरचा भाव घेतला यात.

उत्पादक आधाराची ही मोजणी टिम जॉसलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एफएओसाठी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेसाठी, मांडली आणि पुढे ओईसीडीने ती उचलली. त्यात त्याच वर्षीचा सीमेवरचा भाव घेतात. माल आयातीचा असेल तर बंदरातल्या भावात हाताळणी आणि वाहतूक मिळवून तो देशातल्या बाजारापर्यंत आणतात, मग तिथून शेतापर्यंतचा खर्च आणि प्रक्रियेची घट वजा करतात. शेतकऱ्याला त्या भावापेक्षा जास्त मिळालं तर आधार अधिक, कमी मिळालं तर उणे. त्यात खत-वीज-पाणी यांची अनुदानं मिळवायची आणि शेतीच्या एकूण मिळकतीने भागायचं. ओईसीडी आणि दिल्लीतली संशोधन संस्था इक्रियर यांनी 2018 मध्ये काढलेल्या अहवालात 2000-01 ते 2016-17 या काळाची सरासरी उणे 14 टक्के निघाली. अनुदानं त्यात धरलेली आहेत, तरी उणे. कारण निर्यातबंदी, साठामर्यादा, किमान निर्यातमूल्य यांनी भावातून जे काढून घेतलं ते अनुदानापेक्षा जास्त होतं. त्यानंतरचंही आठव: मे 2022 मध्ये गव्हाची निर्यात बंद, जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळ, डिसेंबर 2023 मध्ये कांदा. कांद्याची बंदी मे 2024 मध्ये उठली ती 40 टक्के निर्यातशुल्क डोक्यावर घेऊन, आणि ते शुल्क पूर्ण गेलं एप्रिल 2025 मध्ये. खताच्या पोत्यावरचं अनुदान दिसतं, कारण ते पोत्यावर छापलेलं असतं. भावातून गेलेला पैसा कुठेच छापलेला नसतो. शेतकऱ्याला सगळं फुकट मिळतं असं शहरात बोललं जातं तेव्हा हा दुसरा आकडा कुणाच्या समोरच आलेला नसतो.

व्यापार संघटनेच्या शेती करारात, जो 1995 पासून लागू आहे, बाहेरचा भाव 1986-88 चा गोठवलेला आहे. आपल्या तांदळाचा तो भाव क्विंटलला साधारण साडेतीनशे रुपये होता. आजचा हमीभाव त्याच्यासमोर ठेवला तर आधार प्रचंड दिसणारच. जवळपास चार दशकांची महागाई सगळी आधार म्हणून मोजली जाते. मे 2018 मध्ये अमेरिकेने हाच हिशोब रुपयांत करून गव्हाला उत्पादनमूल्याच्या 60 टक्क्यांवर आणि तांदळाला 70 टक्क्यांवर आधार असल्याचा दावा केला. विकसनशील देशांना मुभा 10 टक्क्यांची. भारत तोच हिशोब डॉलरमध्ये करतो आणि प्रत्यक्ष खरेदी झालेलाच माल धरतो, अमेरिकेने सगळं उत्पादन धरलं. एवढ्याने आकडा कुठल्या कुठे जातो. माझ्या मते 1986-88 चा भाव आज वापरणं हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्याची भारताची मागणी न्याय्य आहे. 2013 च्या बाली परिषदेतली तात्पुरती सवलत आहे म्हणून आज आपण निभावतोय.

जीटॅपबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 1992 साली सुरू झालेला हा प्रकल्प फार मोलाचा आहे. सगळ्या देशांचा, सगळ्या क्षेत्रांचा ताळा एकत्र बसतो, एकीकडे वाढलं तर दुसरीकडे कुठे आटलं ते दिसतं. पण वर औशाच्या दादांना दिलेलं उत्तर पुन्हा वाच आणि मग जीटॅपची क्षेत्रांची यादी उघड. तेलबिया सगळ्या एका खान्यात आहेत. आणि खाद्यतेल ज्या खान्यात आहे त्याच खान्यात पेंडही आहे. तेल वर, पेंड खाली, हा आपल्या मोंढ्यातला सगळा प्रश्न त्या एका खान्यात मिटून जातो. त्यासाठी अ‍ॅगलिंक-कोसिमोसारखी शेतीपुरती मॉडेलं बरी, त्यांत गाळप, तेल आणि पेंड वेगवेगळी असतात. तिथेही भारत म्हणजे एक ठिपका. आणि भाव वर्षाच्या सरासरीचा. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा लातूर-धाराशिवमध्ये किती शेतकऱ्यांच्या घरात माल होता? रास ऑक्टोबरमध्ये झाली आणि भाव पाच हजारांच्या आसपास आलेला. वर्षाच्या सरासरीत ते दहा हजारही मिसळलेले आहेत. तुला प्रबंधिकेला विषय हवा असेल तर बाजार समितीची रोजची आवक आणि रोजचा भाव घे, आणि आवकेने तोललेली सरासरी काढ. साध्या सरासरीत आणि तिच्यात किती अंतर पडतं, तोच तुझा प्रबंध.

प्रश्न : ताई, गेवराईकडे आमचा चार एकर कापूस आहे. कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं म्हणून आमचं किती नुकसान? घरी ठेवावा की विकावा?
— एक वाचक भगिनी, गेवराई

उत्तर : ताई, हे शुल्क 2021 च्या अर्थसंकल्पात आलं होतं. 19 ऑगस्ट 2025 पासून आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत ते माफ केलं. वेचणीचा बराचसा काळ त्यात आला, दुखणं तिथे आहे.

एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. बाहेरची रुई किलोला 155 रुपये धरली तर 11 टक्के म्हणजे 17 रुपये, 34 ने गुणलं की क्विंटलला 580. हा वरचा टोकाचा आकडा आहे, प्रत्यक्षात याहून कमी पोचतं, कारण आपण रुई आयातही करतो आणि निर्यातही. पण सोयाबीनपेक्षा इथे फटका थेट आहे. कापसाच्या भावात रुईचाच वाटा मोठा.

त्यात 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आहे. बाजार त्याच्याखाली गेला की सीसीआयने, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाने, घ्यायचं. म्हणजे सीमेवर शुल्क सोडून भाव उतरवायचा आणि सीसीआयच्या खरेदीत तोच पैसा परत भरायचा. जो कापूस केंद्रावर पोचतो त्याचा भार सरकारवर, जो खेडा खरेदीत दारातच जातो त्याचा सगळा भार तुमच्यावर. म्हणून दारात देऊ नका. कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करून घ्या, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलाय का ते तलाठ्याकडे आधी बघा. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, 12 च्या वर परत. सकाळच्या दवातला कापूस वेचून लगेच भरू नका, दोन उन्हं द्या. आणि फरदडीचा, म्हणजे वेचणी संपल्यावर झाड राखून पुन्हा घेतलेला, कापूस पहिल्या वेचणीत मिसळू नका, एका गाठोड्यापायी सगळी गाडी खालच्या प्रतीत जाते.